कोरियाचं जुनं संगीत आणि युरोपचं जुनं संगीत एकत्र : असे प्रयोग ऐकणारं कोणी आहे का इथे?

रात्रराग

बऱ्याच दिवसांपासून हा धागा काढायचा होता. कोरिया म्हटलं की इथे के-पॉप आणि के-ड्रामाचे धागे भरपूर आहेत, मीही वाचते ते. पण मला बोलायचंय कोरियाच्या पारंपरिक संगीताबद्दल, आणि नेमकं सांगायचं तर ते आणि युरोपातलं अर्ली म्युझिक (म्हणजे पियानो यायच्या आधीचं, ल्यूट (छेडून वाजवायचं तारवाद्य), व्हिओला दा गांबा (गुडघ्यांत धरून गजानं वाजवायचं), हार्पसिकॉर्ड (पट्ट्या दाबल्या की तारा छेडणारं), छोटे ऑर्गन, चर्चमधलं एकसुरी चांट असलं सगळं) ह्या दोघांना शेजारी बसवणाऱ्या प्रयोगांबद्दल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते म्हणजे भांडायला सोपं. हे दोन प्रकार जुळतात ते "दोन्ही जुने, दोन्ही संथ, दोन्ही ऐकून शांत वाटतं" म्हणून नाही. असं समजून केलेले प्रयोग मला स्पा मध्ये लावायच्या म्युझिकसारखे वाटतात. ते जुळतात कारण दोन्हीकडे सूर अजून पियानोच्या बारा सारख्या घरांत कोंबलेला नाहीये. कोरियात बारा स्वर काढायची पद्धत आहे तिला सांबुन्सोनिक म्हणतात, नळीची लांबी एक तृतीयांश कमी करा की पंचम मिळतो, मग आलेल्या लांबीत एक तृतीयांश वाढवा की त्याच्या खालचा मध्यम-अंतराचा स्वर मिळतो, असं करत करत बारा. मूळ ही पद्धत चीनमधून आलेली. आता पायथागोरसच्या नावावर युरोपात जे चालतं ते गणित हेच आहे की! मध्ययुगातले ऑर्गन शुद्ध पंचमांवरच लावलेले असायचे. म्हणजे सेऊलचा माणूस आणि तेराव्या शतकातला पॅरिसचा माणूस एका खोलीत बसले असते तर पंचमावरून त्यांचं भांडण झालं नसतं.

दुसरी गोष्ट नोटेशनची, आणि ही मला सगळ्यात जास्त आवडते. गोमुन्गो म्हणून सहा तारांचं वाद्य आहे, आडवं ठेवून बांबूच्या काडीनं वाजवतात, त्याला १६ पडदे असतात. त्याची जुनी वही आहे १५७२ सालची, गमहाप्जाबो नावाची, त्यात कुठली तार, कितवा पडदा, कुठलं बोट, काडी कुठून मारायची हे लिहिलेलं असतं. ल्यूटची टॅब्लेचर बघा त्याच काळातली, तिथेही तेच, सूर लिहिलेलाच नाही, हात कुठे ठेवायचा ते लिहिलंय. जॉन डाउलंडचं गाण्यांचं पहिलं पुस्तक १५९७ चं, आणि कोरियात यांगगमसिन्बो ही गोमुन्गोची दुसरी महत्त्वाची वही १६१० ची. दोन्हीकडे आज कोणीतरी ह्या वह्या उघडून बसतं आणि विचारतं की हा हात असा ठेवला तर नक्की काय वाजायचं. गमहाप्जाबोमध्ये मान्देयोप नावाचा अतिसंथ गाण्याचा प्रकार आहे, तो पुढे वाजवायचाच बंद झाला, आता वह्यांवरून परत उभा करतात. युरोपातल्या अर्ली म्युझिकवाल्यांचं आयुष्य ह्याच कामात जातं. हे दोन लोक एकमेकांना भेटले की मला वाटतं त्यांना ओळख करून द्यावी लागणार नाही.

म्हणून माझा आग्रह असा की असे प्रयोग करायचे तर बरोक (साधारण १६००-१७५० चं युरोपीय संगीत) घेऊ नका, त्याच्या मागे जा. बरोकमध्ये कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आले, खाली बास चालू झाला, आणि कोरियन सूर त्या कॉर्डच्या खुंटीला बांधला गेला की त्याचं जे वळणं-थरथरणं आहे ते चुकल्यासारखं ऐकू येतं. मध्ययुगीन संगीतात तसं नाही, तिथे एक धरून ठेवलेला सूर आणि त्याच्यावर चाललेली ओळ. पेरोटॅंचं १२०० च्या आसपासचं विदेरुंत ओम्नेस ऐका, पहिलं एक अक्षर इतका वेळ ताणलंय की शब्द विसरायला होतो. आणि मग गागोक हा कोरियाचा जुना गायनप्रकार ऐका, साधारण ४५ अक्षरांची कविता गायला दहा मिनिटं. दोन्ही पाठोपाठ ऐका, हेडफोन लावून, रात्री.

सुरुवातीला कोणाला काय ऐकावं कळत नसेल तर पार्क जिहा ऐका. पिरी (दुहेरी पत्तीचं फुंकवाद्य), सेंगह्वांग (नळ्यांचं, तोंडानं फुंकायचं) आणि यांगगम (काडीनं वाजवायचं तारवाद्य) वाजवते, स्वतः कंपोज करते. कम्युनियन, फिलोस आणि २०२२ चा द ग्लीम हे अल्बम आहेत. ती स्वतःला अर्ली म्युझिकवाली म्हणवत नाही, तिचं काम आजचं आहे, पण सेंगह्वांगचे लांब श्वास ऐकताना मला सारखा मध्ययुगातला हातात धरायचा छोटा ऑर्गन आठवतो.

---

विलंबित

वाखुसा (वाचनखूण साठवली आहे). सावकाश परत वाचणार आहे. गागोक आत्ताच लावून बघितलं, दोन मिनिटं काहीच कळलं नाही, पाचव्या मिनिटाला एकदम कान बसला. एक प्रश्न, ह्यात ताल आहे का? जांगू (ढोलासारखं तालवाद्य) वाजतंय ते ऐकू येतंय पण समेवर आलं असं कुठेच वाटत नाहीये.

---

हान_नदीकाठी

मी कामानिमित्त सेऊलमध्ये असतो, मराठी मंडळी इथे कमी पण आहेत. @विलंबित ताल आहे, १६ मात्रांचं आवर्तन असतं, पण जांगूचे आघात त्या सोळात सारख्या अंतरावर नसतात, मधे रिकाम्या मात्रा आहेत, आणि लय इतकी संथ की एक मात्रा जाईपर्यंत आपण दुसरं काहीतरी विचार करतो. अतिविलंबित ख्यालाची सवय असेल तर तुम्हाला इतरांपेक्षा लवकर सापडेल. फरक असा की इथे गायकाला आवर्तन भरायचं स्वातंत्र्य नाही, प्रत्येक वळण ठरलेलं आहे. पाच भाग असतात, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे वाद्यं एकटी वाजतात.

इथे सोचो भागात नॅशनल गुगाक सेंटर आहे, १९५१ मध्ये युद्ध चालू असताना बुसानला सुरू झालेलं. तिथे एक छोटं थिएटर आहे जिथे चपला काढून खाली उशीवर बसायचं, माइक नाही स्पीकर नाही. गागोक ऐकायचं तर तसंच ऐकावं. बाईच्या आवाजातलं गागोक असेल तर वरच्या सुरांना आवाज अचानक पातळ होतो, फॉल्सेटोत जातो, आणि तो बदल लपवत नाहीत, दाखवतात. मागे तेगम (आडवी बासरी), पिरी, हेगम (गजानं वाजवायचं दोन तारांचं), गायागम (आडवं, बोटांनी छेडायचं तारवाद्य), गोमुन्गो सगळे साधारण तीच ओळ वाजवत असतात पण प्रत्येक जण आपल्या वाद्याच्या पद्धतीनं, त्यामुळे एकच सूर पाच कडांचा ऐकू येतो. शेवटी थेप्योंगा म्हणून एक गाणं असतं, सगळ्या गागोकमध्ये तेवढंच एक स्त्री-पुरुष दोघं मिळून गातात.

रात्रराग म्हणतायत ते हात आणि वहीचं मला एकदम पटलं. अजून एक भर घालतो. कोरियन वाद्यांच्या तारा रेशमाच्या आणि युरोपच्या जुन्या वाद्यांच्या तारा मेंढीच्या आतड्याच्या. दोन्ही प्राण्यांकडून आलेल्या, दोन्ही हवेत दमटपणा वाढला की सुरातून हलतात, दोन्हींचा आवाज स्टीलसारखा चकचकीत नाही, सुरुवातीला थोडी खरखर असते मग सूर येतो. आजेंग नावाचं एक वाद्य आहे, आडवं, ते घोड्याच्या केसाच्या गजानं नाही तर फोर्सिथियाच्या झाडाच्या काठीला राळ लावून वाजवतात. त्याच्या शेजारी व्हिओला दा गांबा ठेवली ना तर खालच्या सुरांत दोन्हींची खरखर एकमेकांत मिसळते. इतकी की डोळे मिटून ऐकलं तर कोण कुठलं ते सांगायला एक क्षण लागतो.

---

शुद्ध_गंधार

धागा छान आहे, माहिती भरपूर आहे. पण मला मूळ कल्पनेबद्दलच शंका आहे आणि ती मनापासून मांडतो. गागोक २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, पण ते गाणारे आणि ऐकणारे फार नाहीत. अशा वेळी एखाद्या तरुण गायिकेनं पंधरा वर्षं घालवून ते गाणं उभं करायचं की युरोपातल्या फेस्टिवलवाल्यांना बोलावता येईल असं काहीतरी अर्धंअर्धं करायचं? आपल्याकडे फ्यूजनचं काय झालं बघतोय आपण. सतार वाजते, खाली ड्रम वाजतो, दहा मिनिटांनी दोघं जोरात वाजवतात आणि टाळ्या. त्यातून सतारीला काय मिळालं? माझ्या गुरूंकडे मी बारा वर्षं शिकतोय, अजून यमन पूर्ण कळला असं म्हणायची हिंमत नाही. दोन परंपरा एकत्र करणाऱ्याला दोन्ही येत असायला हव्यात, आणि एका जन्मात ते होत नाही.

आणि पिरीबरोबर ल्यूट वाजली की ऐकणारा "वा किती वेगळं" म्हणतो. वेगळं आहे म्हणून चांगलं आहे असं होत नाही ना.

---

संतूरवेडी

शुद्ध गंधार ह्यांच्याशी अर्धी सहमत आहे पण त्याआधी मला यांगगमबद्दल कोणीतरी सांगा प्लीज!! फोटो बघितला तर हे सरळ सरळ संतूर आहे. पार्क जिहा ते एका काडीनं वाजवते का? आणि हे कोरियन वाद्य कसं काय?

---

मांडवी_तीर

@संतूरवेडी, ह्याची गोष्ट मोठी आहे आणि त्यात आमच्या गोव्याचा रस्ता लागतो म्हणून मी सांगतो. 

यांगगम हे मुळात युरोपचंच वाद्य, हॅमर्ड डल्सिमर. संतूर, इराणचं सांतूर, हंगेरीचं सिंबालोम सगळी एकाच कुळातली. चीनमार्गे अठराव्या शतकात कोरियात पोचलं. त्या काळी युरोपातून पूर्वेला जायचा पोर्तुगीज धर्मप्रसारकांचा रस्ता म्हणजे लिस्बन, गोवा, मकाव आणि मग पेकिंग (आजचं बीजिंग). सतराव्या शतकात तोमास परेरा नावाचा पोर्तुगीज जेझुइट (कॅथलिक धर्मप्रसारकांच्या एका संघाचा) ह्याच रस्त्यानं पेकिंगला पोचला, सम्राट कांग्शीच्या दरबारात होता, आणि तिथल्या दक्षिण चर्चमध्ये त्यानं पाइप ऑर्गन बसवला. कोरियात तेव्हा मिशनरींना प्रवेश नव्हता. १५९३ मध्ये सेस्पेदेस नावाचा एक जेझुइट गेला होता पण तो जपानी सैन्याबरोबर गेला, संगीताची देवाणघेवाण करायची ती वेळच नव्हती. त्यामुळे कोरियन लोकांना युरोपचं संगीत भेटलं ते पेकिंगमध्ये, दरवर्षी चीनला जाणाऱ्या त्यांच्या राजदूत मंडळाबरोबर.

आणि आता खरी गोष्ट. होंग दे-योंग म्हणून कोरियन विद्वान, जन्म १७३१, खगोलशास्त्र गणित ह्यांचा नाद आणि स्वतः गोमुन्गो वाजवणारा. १७६५-६६ च्या हिवाळ्यात तो काकांबरोबर पेकिंगला गेला. दक्षिण चर्चमध्ये जाऊन तिथल्या जेझुइटांना भेटला, हालरश्टाइन आणि गोगाइस्ल हे दोघं, दोघंही सम्राटाच्या वेधशाळेत कामाला. तिथे त्यानं ऑर्गन बघितला. नुसता बघितला नाही, भाता कसा चालतो, वारा नळ्यांत कसा जातो हे समजून घेतलं आणि मग पट्ट्या दाबून त्यावर आपली गोमुन्गोची चाल वाजवून बघितली. प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय त्यानं. युरोपचा ऑर्गन, कोरियाची चाल, वर्ष १७६६, मोझार्ट तेव्हा दहा वर्षांचा. म्हणजे आपण ज्याला आज एक्सपेरिमेंटल म्हणतोय तो प्रयोग तेव्हाच होऊन गेलाय.

पुढे यांगगमचं असं झालं की हे वाद्य कोरियात येऊन पडलं होतं पण वाजवायचं कसं कोणालाच माहीत नव्हतं, शोभेला ठेवायचे. होंग दे-योंगनंच १७७२ मध्ये ते कोरियन सुरांत लावून वाजवून दाखवलं, आणि त्याचा मित्र पार्क जी-वोन तिथे होता, त्यानं आपल्या पुस्तकात ह्याची तारीखसुद्धा नोंदवून ठेवलीय. आज कोरियात ते पारंपरिकच धरतात, त्याच्याशिवाय काही मैफली पूर्ण होत नाहीत.

---

संतूरवेडी

बापरे, हे माहीतच नव्हतं. म्हणजे ज्याला आपण "कोरियन + युरोपियन" म्हणतोय त्यातलं कोरियन वाद्यच आधी युरोपियन होतं. @मांडवी_तीर खूप धन्यवाद, ह्याच्यावर वेगळा लेख लिहा ना.

---

मांडवी_तीर

लिहीन नक्की. एक राहिलं, हो, यांगगम बांबूच्या एकाच बारीक काडीनं वाजवतात, संतूरसारख्या दोन कलमांनी नाही. आजचे कलाकार दोनही वापरतात. १४ गट, प्रत्येक गटात ४ तारा, सगळ्या धातूच्या. आणि डावीकडची घोडी अशी बसवलेली असते की तिच्या दोन बाजूंना पंचमाचं अंतर पडतं. युरोपच्या डल्सिमरमध्येही तसंच. तो पंचम इतक्या लांबचा प्रवास करून तसाच राहिला. रात्रराग ह्यांनी वर पंचमाबद्दल लिहिलंय ते वाचून हेच आठवलं.

---

पायपेटी

सेंगह्वांगबद्दल मीही थोडं लिहितो, कारण माझं वाद्य पेटी आहे आणि ह्या दोघांचं नातं आहे. सेंगह्वांग म्हणजे चीनच्या शेंगचं कोरियन भावंड, १७ नळ्या, तोंडानं फुंकायचं आणि ओढायचंही, आतमध्ये धातूच्या पातळ जिभा थरथरतात. कोरियाच्या पारंपरिक वाद्यांत एका वेळी दोन-तीन सूर मिळून धरणारं हे एकच. १७७० च्या दशकात पेकिंगमधून आमियो नावाच्या जेझुइटानं पॅरिसला शेंग पाठवलं, तिकडच्या कारागिरांचं ह्या मोकळ्या जिभेच्या तत्त्वाकडे लक्ष गेलं, आणि पुढच्या साठ-सत्तर वर्षांत त्याच्यावर वेगवेगळी वाद्यं बनत गेली. १८४२ मध्ये द्बॅंनं पॅरिसमध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. तिथून ती आपल्याकडे आली आणि नाट्यसंगीतात जाऊन बसली. त्यामुळे सेंगह्वांग ऐकताना मला परकं काही ऐकतोय असं वाटतच नाही, पेटीच्या आतली जीभ तीच आहे.

सुर्योंगम नावाची एक जुनी जोडरचना आहे सेंगह्वांग आणि दान्सो (छोटी उभी बासरी) ह्यांच्यासाठी, दोनच वाद्यं, ती जरूर ऐका. मला तर तिथे रेकॉर्डर (युरोपची उभी बासरी) आणि पोर्टेटिव्ह ऑर्गन (हातात धरायचा छोटा ऑर्गन) ठेवले तरी एक सूर बदलावा लागणार नाही असं वाटतं.

फक्त पट्टीचा प्रश्न येईल. कोरियाच्या देशी संगीताचा मूळ स्वर साधारण आपल्या काळी दोनला येतो. आणि बरोकवाले ४१५ हर्ट्झला वाद्यं लावतात, म्हणजे त्यांची ए आपल्या काळी चारला, आजच्यापेक्षा अर्धा सूर खाली. आता पिरी किंवा तेगमला खुंट्या नाहीत, बांबूला भोकं पाडून झाली की झाली, त्यामुळे जुळवून घ्यायचं काम तारवाल्यांचं. आणि ल्यूटवाल्याला तारा उतरवायची-चढवायची सवयच असते, तो कुरकुर करणार नाही.

---

श्प्रेकाठ

बर्लिनहून. हौशी रेकॉर्डर वाजवते, इथल्या एका अर्ली म्युझिक ग्रुपमध्ये. धागा वाचून राहवलं नाही.

रात्रराग, "बरोक नको" ह्याला माझा विरोध आहे आणि त्यासाठी एक नाव पुरेसं आहे, कोरियन संगीतकार इसांग युन. जन्म १९१७, दक्षिण कोरियातल्या थोंग्योंगमध्ये वाढलेला, चाळिशीत युरोपला शिकायला आला आणि बर्लिनमध्ये राहिला. १९६७ मध्ये दक्षिण कोरियाच्या गुप्तचरांनी त्याला बर्लिनहून उचलून सेऊलला नेलं, हेरगिरीचा आरोप ठेवून जन्मठेप दिली, तुरुंगातही तो लिहीत होता. स्त्राविन्स्की, कारायान ह्यांच्यासकट जगभरच्या संगीतकारांनी सह्या केल्या तेव्हा १९६९ मध्ये सुटला. परत बर्लिनला आला, १९९५ मध्ये इथेच गेला, आणि २०१८ मध्ये त्याचे अवशेष थोंग्योंगला समुद्राकाठी नेले.

आता त्याच्या कामाची यादी बघा. १९६६ मध्ये शाओ यांग यिन, हार्पसिकॉर्डसाठी. १९६७ मध्ये ऑर्गनसाठी रचना. १९७१ मध्ये पिरी, नाव कोरियन वाद्याचं पण वाजवायचं ओबोवर. १९९३ मध्ये शेवटी शेवटी रेकॉर्डरसाठी चायनीज पिक्चर्स. म्हणजे जुनी युरोपियन वाद्यं त्याला नको नव्हती. आणि सगळ्यात महत्त्वाचं, १९७६ मधलं क्योनिग्लिशेस थेमा, एकट्या व्हायोलिनसाठी. बाखला १७४७ मध्ये पॉट्सडामला राजा फ्रेडरिकनं जी थीम दिली होती, म्युझिकल ऑफरिंगची, तीच घेतलीय. सुरुवातीला थीम जशीच्या तशी येते, मग एकेका व्हेरिएशनमध्ये तिचे सूर वळायला, थरथरायला, घसरायला लागतात, आणि आपण बाखच्या घरातून कधी बाहेर पडलो ते कळत नाही.

युनचा मुद्दा असा होता की युरोपच्या संगीतात सूर पेन्सिलच्या रेघेसारखा, आणि पूर्वेकडे एक सूर म्हणजे ब्रशचा फटकारा, जाड होतो बारीक होतो, त्याला सुरुवात-शेवट असतो, तो एकटाच जगू शकतो. त्यानं बरोकची वाद्यं घेतली पण त्यांच्याकडून ब्रशचं काम करून घेतलं. हार्पसिकॉर्डवर हे जवळजवळ अशक्य आहे, तार छेडली की सूर मरायला लागतो, जोर कमी-जास्त करता येत नाही. मग तो काय करतो तर एका सुराभोवती इतके बारीक अलंकार विणतो की मधला सूर जिवंत असल्यासारखा वाटतो. आणि हे तर फ्रेंच बरोकवाले करतच होते! हार्पसिकॉर्डवाल्या कूपरॅंनं १७१६ च्या पुस्तकात हेच शिकवलंय, अलंकार कुठे, किती. म्हणून म्हणते, बरोक टाकून देऊ नका, बरोकमधला बास बाजूला ठेवा आणि अलंकार घ्या.

---

रात्रराग

@श्प्रेकाठ किती सुंदर लिहिलंय. क्योनिग्लिशेस थेमा काल रात्री तीनदा ऐकलं. तरी मी माझ्या आग्रहावर अजून बऱ्यापैकी उभी आहे, कारण तुम्ही सांगितलेली रचना एकट्या व्हायोलिनची आहे, तिथे खाली कॉर्डच नाहीत! युननं बाखची थीम घेतली आणि बाखची हार्मनी घेतली नाही, तेव्हाच ते जमलं. पण अलंकारांचा मुद्दा मी आधी विचारातच घेतला नव्हता आणि तो मोठा आहे. कोरियन संगीतात गायागमवर उजवा हात तार छेडतो आणि डावा हात घोडीच्या पलीकडे दाबून सूर हलवतो, खरं गाणं डाव्या हातात असतं. फ्रेंच ल्यूट आणि गांबावाल्यांचाही अर्धा जीव डाव्या हाताच्या थरथरीत आहे.

@शुद्ध_गंधार तुमचं म्हणणं मला अजिबात उडवून लावायचं नाहीये, उलट मला वाटतं ह्या विषयातला सगळ्यात खरा प्रश्न तो आहे. मी एक वाईट वाटणारं उदाहरण देते. गायागमवर पाखेलबेल ह्या बरोक संगीतकाराचा कॅनन वाजवलेला युट्यूबवर प्रचंड ऐकला जातो. वाजवणाऱ्यांची तयारी उत्तम आहे, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण तो वाजवायला जुनं १२ रेशमी तारांचं गायागम चालत नाही, २५ तारांचं लागतं, पॉलिएस्टरच्या तारांचं, सात स्वरांत लावलेलं. म्हणजे दोघांत जुळवून घ्यायला एकट्या कोरियन वाद्यानं स्वतःला बदललं, पाखेलबेलला काहीच सोडावं लागलं नाही. माझी कसोटी एवढीच असते, दोन्ही बाजूंनी काहीतरी सोडलंय का? होंग दे-योंगनं डल्सिमर घेतलं तेव्हा ते वाद्य आपली युरोपची सूर लावायची पद्धत सोडून कोरियन सुरांत आलं, आणि कोरियन मैफलीनं आपल्या रेशमी आवाजात धातूचा आवाज येऊ दिला. दोघांनी सोडलं. म्हणून अडीचशे वर्षं टिकलं.

---

शुद्ध_गंधार

ही कसोटी मला मान्य आहे. पण होंग दे-योंगला गोमुन्गो येत होतं, आतून येत होतं, हे विसरू नका. त्यानं अनोळखी वाद्य आपल्या ओळखीच्या संगीतात आणलं. दोन संगीतं मिसळली नाहीत. माझं मत असं की एका परंपरेत घट्ट पाय रोवलेला माणूस दुसरीकडचं काहीतरी घरी आणू शकतो, मधे उभा राहून दोन्हीकडे हात लावता येत नाहीत. युनसुद्धा, तुम्ही सांगताय त्यावरून, युरोपच्या कंपोझिशनचं शिक्षण घेतलेला माणूस आहे, स्टेजवर पिरी वाजवणारा कोणी नव्हता. तोही एका जागी उभा राहूनच दुसरीकडे बघत होता.

---

हान_नदीकाठी

@शुद्ध_गंधार हे बरोबर आहे पण एक जागा अशी आहे जिथे दोन लोक आपापल्या जागीच उभे राहतात आणि तरी काहीतरी होतं, ती म्हणजे एकाच सुरावर दोघांनी थांबणं. गागोकमध्ये पाच वाद्यं एकच ओळ पाच पद्धतीनं वाजवतात हे वर लिहिलंय. त्यात सहावं वाद्य म्हणून गांबा आली आणि तीही आपल्याच पद्धतीनं तीच ओळ चालली तर कोणालाच आपली परंपरा सोडावी लागत नाही. कोरियन पद्धतीत ह्याला आधीपासून जागा आहे, कारण तिथे सगळ्यांनी नेमकं एकत्र असायची सक्तीच नाही. मला वाटतं कॉर्ड रचत बसण्यापेक्षा हे जास्त पुढे जाईल.

लयीतही हेच आहे. कोरियन लयीत तीनचे गट फार, आणि तेराव्या शतकातल्या पॅरिसच्या संगीतातही लय तीनचीच, त्यांना तीन हा आकडा देवाचा म्हणून पूर्ण वाटायचा. दोन्हीकडे कारण वेगळं, पण शरीराला डोलणं तेच.

---

विलंबित

हे सहाव्या वाद्याचं एकदम आवडलं. आपल्याकडे गायकाच्या मागे सारंगी अशीच चालते, अर्धी पावलं मागे, तीच ओळ.

अजून एक, सनईच्या कुळातलं काही आहे का तिकडे?

---

पायपेटी

आहे ना, थेप्योंगसो. शंकूच्या आकाराची नळी, दुहेरी पत्ती, पुढे धातूचा भोंगा, सनईची सख्खी चुलत बहीण. युरोपात हेच शॉम म्हणून होतं, त्यातून पुढे ओबो झाला. मात्र पिरी वेगळी, ती सरळ नळीची आणि पत्ती चांगली जाड, लहान दिसते पण आवाज असा काही भेदून येतो की दरबारातल्या वाद्यवृंदात मुख्य ओळ तिच्याकडेच. सुजेचॉन ऐका, वाऱ्याच्या वाद्यांची दरबारी रचना, त्यात पिरी थांबते आणि तेगम पुढचा सूर उचलतं ते ठिकाण नीट ऐका.

---

श्प्रेकाठ

आमच्या ग्रुपमध्ये एक कोरियन मुलगी आहे, शिक्षण हार्पसिकॉर्डचं, आजी घरी यांगगम वाजवायची. पुढच्या महिन्यात आम्ही घरगुतीच बसणार आहोत, ती आजीचं यांगगम आणि मी टेनर रेकॉर्डर. पहिला प्रश्न सूर जुळवण्याचा येणार आहे. तिचं म्हणणं, यांगगम आहे तसं राहू दे, रेकॉर्डरनं बोटांनी आणि फुंकीनं जुळवून घ्यावं. मला पटतंय. @पायपेटी तुम्हाला काय वाटतं, पंचमावरून सुरू करू की सरळ मूळ स्वर धरू?

---

पायपेटी

मूळ स्वर धरा, दहा मिनिटं तेवढाच. यांगगमचा सूर विरतो आणि तुमचा चालू राहतो, तेव्हा ती परत कधी मारते ते तिच्यावर सोडा. मग तिनं पंचम दिला की तुम्ही जा. टेनरवर वरच्या सुरांना फुंक वाढवली की सूर चढतो हे तुम्हाला माहीत आहेच, त्यामुळे आवाज मोठा करायचा मोह टाळा, नाहीतर तारा बेसूर वाटायला लागतील. रेकॉर्डिंग झालं तर इथे टाका, फोनवरचं असलं तरी चालेल.